जुन्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोडच्या शैलीचे आणि योगदानाचे नियम कसे लिहावेत?

मात्रावेलांटी (प्रश्न)

नमस्कार. उपशीर्षकांच्या फायली वाचणारी आणि एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलून देणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी मी गेली सहा वर्षे सांभाळते आहे. बहुतेक कोड पायथनमध्ये आहे. मोठ्या फायली वेगाने वाचता याव्यात म्हणून एक भाग सी भाषेत आहे. पहिली दोन वर्षे मी एकटीच लिहीत होते, त्यामुळे शैलीचे नियम कधी लिहून काढावेत असे वाटलेच नाही. पुढे योगदान देणारे येत गेले आणि प्रत्येकाने आपापल्या हाताच्या सवयीप्रमाणे लिहिले. आज पायथनच्या काही फायलींत चार स्पेसचे इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आहे, काहींत दोनचे, आणि सीच्या फायलींत तर एकाच फंक्शनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळलेले आहेत.

हे इतके दिवस चालून गेले, पण या वर्षी दोन गोष्टी अशा घडल्या की आता नियम लिहायचेच असे ठरवले.

पहिली गोष्ट एका नव्या योगदानकर्त्याची. एसआरटी (उपशीर्षकांचे एक स्वरूप) फायलींत सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, पण प्रत्यक्षात अनेक फायलींत तिथे टिंब आढळते आणि आमचा पार्सर (फाइल वाचून तिचे भाग ओळखणारा कोड) तशी नोंद मुकाट्याने टाकून देत असे. त्यांनी ही चूक शोधून अकरा ओळींत नीट दुरुस्त केली आणि सोबत चाचणीही लिहिली. त्या पुल रिक्वेस्टवर (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) मी तेवीस शेरे दिले, आणि आज मोजून पाहिले तर त्यांतले वीस शेरे स्पेस, अवतरणचिन्हे आणि नावांची ठेवण यांबद्दलचे होते. त्यांनी दोनदा बदल करून पाठवले, मी पुन्हा नवे शेरे दिले, आणि त्यानंतर त्यांच्याकडून काही आले नाही. जे नियम मी कुठेही लिहिलेले नव्हते, ते त्यांनी पाळावेत अशी माझी अपेक्षा होती, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट याच्या उलट. एका जुन्या सहकाऱ्याच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना ती सगळीच नव्याने मांडली, त्यामुळे तीन ओळींचा बदल चारशे ओळींच्या डिफच्या (बदललेल्या ओळींच्या यादीच्या) रूपाने समोर आला. मी तो वरवर चाळला. त्या गर्दीत एका उपशीर्षकाच्या शेवटाची वेळ पुढच्याच्या सुरुवातीशी ताडून पाहणारी एक ओळ होती, आणि तिथे ‘पेक्षा लहान’ या चिन्हाचे ‘पेक्षा लहान किंवा समान’ झाले होते. परिणामी दोन उपशीर्षके एकमेकांना नेमकी चिकटून असली की दुसरे गाळले जाऊ लागले. आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर एका वापरकर्त्याने हे लक्षात आणून दिले. सहकाऱ्याने काही लपवले नव्हते. मीच ती ओळ पाहिली नाही.

मला विचारायचे आहे ते असे. एखादी तयार शैली जशीच्या तशी स्वीकारावी, की आपल्या कोडला अनुसरून स्वतःची लिहावी? जुना कोड एका फटक्यात नव्या शैलीत आणावा, की जी फाइल हाताळली जाईल तीच सुधारत जावे? एका फटक्यात केले तर गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीत) प्रत्येक ओळीवर माझेच नाव दिसू लागेल, याची धास्ती वाटते. आणि योगदानाच्या मार्गदर्शिकेत नेमके काय लिहावे, की जेणेकरून नवीन माणूस ती खरोखर वाचेल?

जोडाक्षर

तुमच्या दोन्ही अनुभवांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते: जे काम यंत्राने करायला हवे होते ते माणसाच्या डोळ्यांवर पडले. पहिल्या वेळी त्यात समोरच्याचा उत्साह गेला, दुसऱ्या वेळी तुमचे लक्ष गेले. म्हणून शैलीचा नियम लिहिण्याआधी प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा, की हा नियम एखादे साधन स्वतःहून लागू करू शकेल काय? उत्तर होय असेल तर तो साधनाच्या कॉन्फिगरेशनमध्ये जावा आणि रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेखही होऊ नये.

पायथनसाठी तयार शैलीच घ्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पेप ८ हा पायथनच्या शैलीचा दस्तऐवज २००१ पासून आहे आणि पायथन लिहिणाऱ्या बहुतेकांचा हात त्यावरच बसलेला असतो. तो ओळीची लांबी ७९ अक्षरे सांगतो, तर ब्लॅक हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारे साधन) ८८ धरतो. यांतले कोणते घ्यावे यावर वेळ घालवू नका, ब्लॅकचे ८८ घ्या आणि पुढे चला. गो भाषेच्या गोफमट या फॉरमॅटरमध्ये तर इंडेंटेशन निवडण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि त्यामुळे त्या भाषेत टॅब की स्पेस हा वाद सुरूच होत नाही. नेमका कोणता पर्याय निवडला जातो यापेक्षा निवड एकदाच होते हे मोलाचे आहे.

सीसाठी क्लँग-फॉरमॅट हा फॉरमॅटर वापरा, पण कोणत्या शैलीवरून सुरुवात करायची याचा थोडा विचार करा. लिनक्स कर्नलमध्ये इंडेंटेशनचा टॅब आठ अक्षरांचा मानतात. त्यामागचा हेतू असा की कोड तीनपेक्षा जास्त पातळ्यांनी आत जाऊ लागला तर तो उजव्या कडेला जाऊन भिडावा आणि लिहिणाऱ्याला फंक्शन मोडण्याची गरज आपोआप जाणवावी. पायथनचा स्वतःचा सी कोड मात्र पेप ७ या सीच्या शैलीच्या दस्तऐवजाप्रमाणे चार स्पेसने लिहिला जातो. तुमचा सी भाग पायथनलाच जोडलेला असल्याने पेप ७ च्या जवळचे काही घ्यावे, हे बरे.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. क्लँग-फॉरमॅट हेडरच्या ओळींचा (दुसऱ्या फायलींतल्या व्याख्या आत घेणाऱ्या ओळींचा) क्रमही लावतो. पायथनची मुख्य हेडर फाइल प्रमाणित हेडरच्या आधी यावी लागते, कारण काही प्रणालींवर तिच्यातल्या व्याख्यांचा पुढच्या हेडरवर परिणाम होतो. फॉरमॅटरने तुमची स्वतःची हेडर फाइल उचलून तिच्या वर नेली आणि त्या फाइलने आत प्रमाणित हेडर ओढून घेतले, तर हा क्रम बिघडतो. त्या ओळीनंतर एक रिकामी ओळ सोडली तर क्लँग-फॉरमॅटच्या मूळ एलएलव्हीएम शैलीत ती वेगळा गट राहते आणि जागची हलत नाही. नाहीतर क्रम लावण्याची सोय सरळ बंद करा.

जुन्या कोडबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एका दिवसात, एकदाच, सगळा. ‘जी फाइल हाताळू ती सुधारू’ हे धोरण ऐकायला सौम्य वाटते, पण त्यातून तुमचा चारशे ओळींचा डिफ पुढची अनेक वर्षे पुन्हा पुन्हा जन्माला येतो. त्या दिवशी जी कमिट (गिटच्या इतिहासात नोंदवलेला बदल) होईल तिच्यात फॉरमॅटरने केलेल्या बदलांखेरीज एकही अक्षर बदललेले नसावे. कमिटच्या संदेशात फॉरमॅटरची आवृत्ती आणि चालवलेली आज्ञा लिहून ठेवा, म्हणजे कोणालाही तीच आज्ञा आदल्या कमिटवर चालवून निकाल जुळतो का ते पाहता येईल.

अर्थ बदललेला नाही याची खात्रीही करून घेता येते. ब्लॅक आपल्या मांडणीनंतर कोडचे वाक्यरचना-वृक्ष (कोडच्या रचनेचे झाडासारखे रूप) आधीच्या वृक्षाशी ताडून पाहतो, त्यामुळे पायथनची काळजी बरीच कमी होते. सीसाठी डीबगची माहिती वगळून आणि असर्ट (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) बंद ठेवून आधीचा आणि नंतरचा कोड कंपाइल करा आणि ऑब्जेक्ट फायली एकमेकींशी ताडून पाहा. असर्ट बंद ठेवायचे कारण असे की त्यात ओळीचा क्रमांक साठवला जातो आणि मांडणी बदलली की तो बदलणारच.

ब्लेमच्या धास्तीवर उपाय आहे. गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला काही कमिट वगळायला सांगता येतात. प्रकल्पाच्या मुळाशी एक फाइल ठेवायची, तिच्यात त्या कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरांचा हॅश (ओळखक्रमांक) लिहायचा, आणि ब्लेमच्या ‘इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ या सेटिंगमध्ये तिचे नाव द्यायचे. हे सेटिंग प्रत्येकाला आपापल्या क्लोनमध्ये करावे लागते, म्हणून ती एक ओळ मार्गदर्शिकेत लिहा. गिटहबच्या ब्लेमच्या पानाला मात्र ठरलेल्या नावाची फाइल आपोआप समजते. यात अनेकजण एका ठिकाणी चुकतात: पुल रिक्वेस्टमधल्या कमिटचा हॅश फाइलमध्ये लिहितात आणि नंतर ती स्क्वॉश करून (सगळ्या कमिट एकत्र करून) मर्ज करतात. तसे केल्यावर मुख्य ब्रँचवर वेगळ्याच हॅशची कमिट बनते आणि यादी निरुपयोगी ठरते. म्हणून आधी मर्ज, मग मुख्य ब्रँचवरचा हॅश पाहून दुसऱ्या कमिटमध्ये त्याची नोंद.

फॉरमॅटरची आवृत्ती पक्की बांधून ठेवायला विसरू नका. क्लँग-फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या एकच कॉन्फिगरेशन घेऊनही थोडे वेगळे लिहू शकतात, आणि मग एकाच्या संगणकावर बरोबर असलेली फाइल सीआयमध्ये (प्रत्येक बदलाच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) चुकीची ठरते. नवख्याला यासारखे हिरमोड करणारे दुसरे काही नाही. सीआयने फक्त ‘नापास’ म्हणू नये. कोणती आज्ञा चालवली की हे सुटेल, ते त्याच संदेशात छापावे.

शेवटचीओळ

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण उपशीर्षकांच्या फायलींचा विषय आहे म्हणून एक गोष्ट घाईने लिहिते. तुमच्या चाचण्यांत नमुन्यादाखल ठेवलेल्या एसआरटी फायली असतीलच. त्यांतल्या काही विंडोजच्या ओळ-समाप्तीच्या असतील, काहींच्या सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क (एन्कोडिंग दाखवणारे अदृश्य चिन्ह) असेल, काहींत ओळीच्या शेवटी रिकामी जागा असेल, आणि पार्सरने ते सहन करावे म्हणूनच त्या तिथे ठेवलेल्या असतील. एडिटरकॉन्फिगमध्ये (एडिटरला मांडणीचे नियम सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘ओळीच्या शेवटची रिकामी जागा काढा’ असे सर्वत्र लिहिले किंवा गिटला ओळ-समाप्ती एकसारखी करायला सांगितले, की या फायली साफसूफ होतात, चाचण्या पास होत राहतात, आणि त्या आता काहीच तपासत नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या एका प्रकल्पात हे असेच घडले आणि कित्येक महिन्यांनी उघडकीस आले. नमुन्यांची डिरेक्टरी गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ‘मजकूर नाही’ अशी नोंदवा आणि एडिटरकॉन्फिगमध्ये तिच्यासाठी वेगळा विभाग करून हे नियम बंद ठेवा. मार्कडाउनलाही तोच अपवाद करा, कारण तिथे ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसना ओळ तोडण्याचा अर्थ आहे.

पूर्वपरीक्षण

फॉरमॅटरचा मुद्दा मला मान्य आहे, तरी त्याने तुमचा प्रश्न अर्धाच सुटतो, आणि उरलेला अर्धा अधिक कठीण आहे. दुसऱ्या घटनेतली ती चूक उत्तम मांडणीच्या कोडमध्येही तशीच राहिली असती. डिफ तीन ओळींचा असता तर ती तुम्हाला दिसली असती, हे खरे. पण ‘चिकटलेली उपशीर्षके एकमेकांवर आलेली मानायची नाहीत’ हा नियम जर कुठे लिहिलेलाच नसेल, तर पुढचा माणूस तेच चिन्ह पुन्हा प्रामाणिकपणे बदलेल.

मांडणी आणि अर्थ यांची फारकत झाली की काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१४ मधले आहे. अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एका अटीखाली ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. महिरपी कंस नव्हते, त्यामुळे इंडेंटेशनवरून दुसरी ओळही त्या अटीच्याच पोटात असल्यासारखी दिसत होती; प्रत्यक्षात ती अटीविना चालत होती आणि सर्व्हरच्या स्वाक्षरीची तपासणी वगळली जात होती. जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, २०१६ मध्ये, फसव्या इंडेंटेशनबद्दलची सूचना आली आणि सर्वसाधारण इशाऱ्यांचा पर्याय चालू केला की तीही चालू होते. सीच्या भागासाठी मी दोन नियम न चुकता ठेवीन: एका ओळीच्या अटीलाही कंस, आणि कंपायलरचे इशारे सीआयमध्ये त्रुटी मानणे. हे निव्वळ रूपाचे नियम वाटतात, पण यांत सुरक्षितता आहे.

आता जे यंत्राला कळत नाही त्याबद्दल. मार्गदर्शिकेत मी सर्वांत जास्त जागा याला देईन, आणि प्रत्येक नियमासोबत त्याचे कारण लिहीन. तुमच्याच प्रकल्पातला नियम कल्पनेने लिहून दाखवतो: ‘लायब्ररीच्या आत वेळ नेहमी मिलिसेकंदांत आणि पूर्णांकात ठेवावी, आणि अशा चलाच्या नावाच्या शेवटी एमएस लावावे. दशांश सेकंद वापरल्यास बेरजेत सूक्ष्म फरक पडतो आणि दोन चिकटलेली उपशीर्षके समान आहेत की नाहीत हे ठरवता येत नाही.’ हे वाचणाऱ्याला नियम तर कळतोच, शिवाय नियमात न आलेल्या ठिकाणी काय करावे हेही कळते. ‘नावे अर्थपूर्ण ठेवा’ अशी वाक्ये लिहू नका. ती कोणालाच काही सांगत नाहीत.

योगदानाच्या प्रक्रियेबद्दल नवख्याला खरोखर जाणून घ्यायचे असते ते थोडेच असते. कोणते बदल आधी इश्यू उघडून विचारावेत आणि कोणते थेट पाठवावेत, चाचण्या कशा चालवाव्यात, आणि उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल. शेवटचे बहुतेक प्रकल्प लिहीत नाहीत, पण तुम्ही लिहाच. तीन आठवडे लागत असतील तर तीन आठवडे लिहा. तसेच प्रकल्पाला काय नको आहे तेही लिहा: व्हिडिओतून उपशीर्षके ओळखून काढण्याची सोय तुम्ही कधीच घेणार नसाल, तर कोणी चार रविवार त्यावर खर्च करण्याआधी त्याला ते कळलेले बरे. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल असावा, हा आग्रह धरा आणि त्याचे कारणही द्या: पुढे कधी गिट बायसेक्टने (बिघाड कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणाऱ्या आज्ञेने) बिघाड शोधायची वेळ आली, तर प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे चालणारी आणि छोटी असल्यावरच त्याचा उपयोग होतो.

प्रकल्प गिटहबवर असेल तर मार्गदर्शिकेची फाइल मुळाशी किंवा डॉक्स डिरेक्टरीत ठरलेल्या नावाने ठेवा, म्हणजे पुल रिक्वेस्ट उघडणाऱ्याला तिचा दुवा आपोआप दिसतो.

कायदेशीर बाजूही एका परिच्छेदात उरकता येते. छोट्या प्रकल्पाने योगदानकर्त्यांकडून वेगळा करार सही करून घ्यावा असे मला वाटत नाही. त्या पानाशीच पुष्कळ लोक थांबतात. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये जी पद्धत आणली ती पुरेशी आहे. आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर कर्नलमधल्या कोडच्या मालकीवरून दावा लावला होता, आणि प्रत्येक बदल कोठून आला याची नोंद हवी हे त्यातून सर्वांना जाणवले. योगदानकर्ता कमिटच्या संदेशाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लावतो आणि त्यातून हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे असे प्रमाणित करतो. गिटच्या कमिट आज्ञेला एक छोटा पर्याय जोडला की ती ओळ आपोआप येते.

मात्रावेलांटी

सर्वांचे मनापासून आभार. नमुन्यांच्या फायलींचा इशारा वाचून लगेच तपासले: अशा चौदा फायली आहेत आणि त्यांतल्या दोन आधीच साफ झालेल्या निघाल्या. वेळेच्या नियमाबद्दल जे लिहिले आहे ते तर माझ्या कोडला तंतोतंत लागू आहे, कारण सीचा भाग मिलिसेकंद वापरतो आणि पायथनचा एक जुना कोपरा अजून दशांश सेकंदांत चालतो.

एक शंका उरली. सध्या नऊ पुल रिक्वेस्ट उघड्या आहेत. मी सगळा कोड एका दिवसात फॉरमॅट केला, तर त्या नऊही जणांना प्रत्येक फाइलमध्ये संघर्ष (एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल) सोडवत बसावे लागेल. त्यांना तो त्रास द्यायचा नाही.

जोडाक्षर

जे मर्ज होण्याजोगे आहे ते आधी मर्ज करा. उरलेल्यांसाठी क्रम असा ठेवा. त्या ब्रँचमध्ये मुख्य ब्रँच फॉरमॅटच्या कमिटच्या नेमक्या आदल्या कमिटपर्यंत मर्ज करायची. इथे फार तर नेहमीचे संघर्ष येतील. मग त्या ब्रँचवर तोच फॉरमॅटर, त्याच आवृत्तीचा आणि त्याच कॉन्फिगरेशनचा, चालवून कमिट करायची. त्यानंतर फॉरमॅटची कमिट ‘अवर्स’ या मर्ज स्ट्रॅटेजीने मर्ज करायची, म्हणजे गिट इतिहास जोडतो पण मजकूर तुमच्या ब्रँचचाच ठेवतो. तो मजकूर आधीच फॉरमॅट झालेला असल्याने काही हरवत नाही. फक्त ‘अवर्स’ ही स्ट्रॅटेजी म्हणून द्या. गिटच्या नेहमीच्या मर्जचा त्याच नावाचा पर्याय वेगळा आहे आणि तो केवळ संघर्षाच्या जागी तुमची बाजू घेतो. या तीन आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून ती नऊ जणांना द्या, किंवा त्यांनी परवानगी दिलेली असेल तर त्यांच्या ब्रँचवर तुम्हीच चालवा.

मात्रावेलांटी

समजले. क्रम आता असा ठरवला आहे: आधी नमुन्यांची डिरेक्टरी वेगळी काढणे, मग उघड्या पुल रिक्वेस्टपैकी होतील तेवढ्या मर्ज करणे, मग फॉरमॅटची कमिट, आणि सर्वांत शेवटी मार्गदर्शिका.

त्या अकरा ओळींच्या पुल रिक्वेस्टला मेंटेनरने बदल करायची परवानगी आधीच दिलेली आहे. आज संध्याकाळी तिच्यावर फॉरमॅटर चालवते आणि मर्ज करते. फॉरमॅटचा बदल माझ्या नावाने वेगळ्या कमिटमध्ये राहील, म्हणजे दुरुस्तीच्या कमिटवर लेखक म्हणून त्यांचेच नाव दिसेल. माझे वीस शेरे मागे घेत असल्याचे तिथे लिहिले आहे, आणि उरलेल्या तीन शेऱ्यांपैकी एकावर त्यांचे म्हणणे बरोबर होते, हेही.